बोरगावची पऱ्हाटी, मिसिसिपीची जमीन

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं आणि सावनेर मागे पडलं, की थोड्याच वेळात राज्य बदलतं. पाट्या हिंदीत दिसू लागतात, सातबाऱ्याच्या जागी खसरा येतो, तलाठ्याच्या जागी पटवारी. घरातली बोली मात्र तीच राहते आणि शेतातलं पीकही तेच. बोरगाव याच पट्ट्यातलं. तालुका सौंसर, जिल्हा २०२३ पर्यंत छिंदवाडा होता, आता पांढुर्णा. हमरस्त्यालगत औद्योगिक क्षेत्र आहे, तिथे रेमंडचा सुटिंगचा कारखाना १९९१ पासून उभा आहे. त्याच्या मागे काळी जमीन, संत्र्याच्या बागा आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा निघतो. त्याआधी शेतात सीतादहीची पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा, ही वऱ्हाड-नागपूरकडची जुनी रीत. रीत जुनी असली तरी झाड जुनं नाही. पणजोबांच्या काळी या मातीत जो कापूस होता तो देशी, आखूड धाग्याचा, कमी पाण्यावर तग धरणारा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव गॉसिपियम अर्बोरियम. आज बांधापासून बांधापर्यंत उभी असते ती गॉसिपियम हिर्सुटम, म्हणजे अमेरिकन जात. मेक्सिकोकडची ही वनस्पती मिसिसिपीच्या काठावर वाढली, तिथून सातपुड्याच्या पायथ्याशी आली आणि जुन्या पिकाला तिने पार हुसकून लावलं.

शाळेत अमेरिकेचा विस्तार शिकवतात तेव्हा नकाशात रंग पसरत जातात. तेरा राज्यांचा पट्टा, मग लुईझियाना, फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया. त्या रंगांखालच्या मोठ्या भागात कापसाची जमीन होती. ज्या बाजाराने त्या जमिनीचा हिशेब मांडला, त्यानेच वऱ्हाड आणि नागपूरच्या जमिनीचाही मांडला. दोन्हीकडे ती कसणाऱ्याला कुणी विचारलं नाही. एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध मी बोरगावच्या बांधावरून वाचतो आहे तो त्यासाठी.

*

१८०३ चा डिसेंबर घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस आडगावच्या लढाईत आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर सही केली. कटक-बालासोर ईस्ट इंडिया कंपनीला गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला. नागपूरचं राज्य तेव्हापासून आक्रसत गेलं. बरोबर तीन दिवसांनी, २० डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्स शहरात फ्रान्सचं निशाण उतरलं आणि अमेरिकेचं चढलं. सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा लुईझियाना प्रांत दीड कोटी डॉलर्सना विकला गेला होता.

दोन्ही घटनांच्या मागे नेपोलियन उभा होता. मराठ्यांच्या पदरी असलेल्या फ्रेंच सरदारांची भीती पुढे करून आर्थरचा भाऊ, गव्हर्नर जनरल वेलस्ली याने इथलं युद्ध रेटलं. तिकडे हैतीतल्या गुलामांनी फ्रेंच सैन्याला धूळ चारली, इंग्लंडशी पुन्हा लढाई पेटली, तेव्हा नेपोलियनला समुद्रापलीकडची जमीन सांभाळण्यापेक्षा रोख पैसा बरा वाटला. हैतीतल्या त्या माणसांचं ऋण अमेरिकेच्या इतिहासात फारसं मान्य केलं जात नाही. त्यांनी स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिले आणि त्या विजयामुळे मोकळ्या झालेल्या लुईझियानात पुढे उसाच्या आणि कापसाच्या शेतांवर लाखो गुलाम राबले.

आणखी एक धागा आहे. आडगाव जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीचा मेहुणा, सर एडवर्ड पॅकनम, १८१५ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्स घ्यायला गेला आणि तिथेच मारला गेला. त्याच्या सैन्याला हरवणारा सेनानी अँड्र्यू जॅक्सन. त्या एका विजयाने जॅक्सन देशभराचा नायक झाला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष.

जॅक्सनने त्याआधीच्या वर्षी क्रीक लोकांना हॉर्सशू बेंडच्या लढाईत चिरडलं होतं. त्यानंतरच्या तहात क्रीकांना सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन सोडावी लागली. त्यात त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन गेली. आजच्या अलाबामाचा मोठा हिस्सा तो. १८१८ च्या वसंतात तो सेमिनोल लोकांचा पाठलाग करत स्पेनच्या ताब्यातल्या फ्लोरिडात घुसला आणि मे महिन्यात त्याने पेन्साकोला घेतलं. त्याच मे महिन्यात आपल्याकडे नागपूरचे आप्पासाहेब भोसले कंपनीच्या पहाऱ्यातून निसटले. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये हरल्यावर त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेलं जात होतं. वाटेत जबलपूरच्या अलीकडे ते पळाले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. तिथल्या गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्यासाठी कंपनीशी झुंजले आणि त्याची किंमतही मोजली. बोरगावचं शिवार मूळचं देवगडच्या गोंड राजांच्या मुलखातलं, भोसले नंतरचे. एकाच महिन्यात दोन खंडांतल्या रानांत राज्यविस्ताराचा पाठलाग चालला होता आणि दोन्हीकडे तो अंगावर झेलला तो रानातल्या माणसांनी.

*

जमिनीची ही भूक एवढी का वाढली? १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं. तोवर आखूड धाग्याच्या अमेरिकन कापसाची सरकी हाताने सोडवताना मजुराचा दिवस जाई आणि हाती थोडीच रुई येई. यंत्राने तो अडसर गेला. १८०६ च्या सुमारास नाचेझच्या वॉल्टर बर्लिंगने मेक्सिकोहून नवी सरकी आणली असं सांगतात. तिचं बोंड मोठं, पूर्ण उमलणारं, वेचायला सोपं. लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता तसला कापूस हवा तेवढा मिळू लागला. जमीन तेवढी पाहिजे होती आणि वेचणारे हात.

हात आफ्रिकेतून आणणं १८०८ पासून कायद्याने बंद झालं, तेव्हा देशातल्या देशात बाजार सुरू झाला. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या थकलेल्या तंबाखूच्या जमिनींवरून सुमारे दहा लाख माणसं पुढच्या पन्नास वर्षांत दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात नेली गेली. बरीचशी विकून, कित्येक साखळीत पायी चालवत, नवऱ्यापासून बायको आणि आईपासून लेकरू तोडून. एकट्या मिसिसिपी राज्यात १८२० मध्ये गुलाम होते सुमारे ३३ हजार, १८६० मध्ये ४ लाख ३६ हजार. मधली चाळीस वर्षं म्हणजेच अमेरिकेच्या लोकशाहीचा बहर. याच काळात मालमत्तेची अट उठून गोऱ्या पुरुषांना सरसकट मतदान मिळालं, राजकीय पक्ष उभे राहिले, सामान्य माणसाचा कैवारी म्हणून जॅक्सन १८२८ मध्ये निवडून आला. सामान्य गोऱ्या माणसाला त्याने जे दिलं ते कुणाच्या तरी हातून काढून घेतलेलं होतं.

२८ मे १८३० रोजी जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला होता. हे आकडे मुद्दाम लिहितो. देश एकमताने लुटायला निघाला होता असं म्हणणं त्या ९७ जणांवर अन्याय होईल आणि उरलेल्या १०२ जणांना त्यात पळवाट मिळेल. काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं. सभागृहात ते त्यांना तोंडावर सांगितलं गेलं होतं. त्याच सप्टेंबरात चॉक्टॉ लोकांनी डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने मिसिसिपीतली उरलेली सुमारे एक कोटी दहा लाख एकर जमीन सोडली. १८३१ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांचा पहिला जथा नदी ओलांडत असताना फ्रेंच प्रवासी अलेक्सी द टॉकव्हील मेम्फिसला होता. म्हातारी, आजारी, नुकती जन्मलेली, सगळी बर्फात उभी असलेली त्याने पाहिली आणि लिहून ठेवली.

*

चेरोकी लोकांची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे, आणि तिचा धागा थेट मुंबई-अहमदनगरपर्यंत येतो.

सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ मध्ये आपल्या भाषेसाठी अक्षरमाला तयार केली. काही वर्षांत हजारो माणसं वाचू लागली. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली आणि १८२८ च्या फेब्रुवारीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र काढलं. त्याचे खिळे बॉस्टनमध्ये पाडले गेले आणि त्यासाठी मदत केली बॉस्टनच्याच एका मिशनरी संस्थेने, अमेरिकन बोर्डाने.

१८१० मध्ये स्थापन झालेल्या या बोर्डाचं परदेशातलं पहिलं ठाणं मुंबई. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं आणि कंपनी त्यांना परत पाठवू पाहत होती. गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी दिरंगाई केली, तेवढ्यात लंडनहून हवा बदलली आणि ते राहिले. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका निघाली. त्याच वर्षी त्याच बोर्डाने चेरोकी मुलखात ब्रेनर्डची शाळा उघडली, पुढल्या वर्षी चॉक्टॉंमध्ये एलियटची. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. मराठी मुलांना आणि चेरोकी मुलांना शिकवण्याचा खर्च बॉस्टनच्या एकाच खजिन्यातून निघत होता.

गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. त्याला हवे होते ते ख्रिस्ती होणारे लोक, हे लपवण्याचं कारण नाही. शाळा त्यासाठीचं साधन होती. पण साधनाने पुढे स्वतःची वाट धरली, इथेही आणि तिथेही. जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन बळकावायला सुरुवात केली, १८२९ मध्ये तिथे सोनं सापडल्यावर तर लूटच सुरू झाली. तेव्हा बोर्डाचे सचिव जेरमाया एव्हर्ट्स यांनी टोपणनावाने चोवीस निबंध लिहून सरकारला त्याच्याच तहांची आठवण करून दिली. कॅथरीन बीचर यांनी स्त्रियांना हाक दिली आणि अमेरिकन स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर काँग्रेसपुढे गेले. बोर्डाचा मिशनरी सॅम्युएल वूस्टर चेरोकींच्या बाजूने उभा राहिला म्हणून जॉर्जियाने त्याला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल कागदावर राहिला. १८३८ मध्ये सैन्याने माणसं घरातून काढली. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास त्या वाटेवर आणि छावण्यांत मेली असा अंदाज आहे.

शिक्षण, लिपी, घटना, वृत्तपत्र, न्यायालय. सुधारणा म्हणून जे जे करायला सांगितलं ते सगळं या समाजाने केलं होतं. तरी जमीन गेली, कारण ती कापसाची आणि सोन्याची होती. चेरोकींतल्या श्रीमंतांकडे स्वतःचे गुलाम होते, हेही याच चित्रात आहे. आणि ज्या बोर्डाने चेरोकींसाठी एवढं केलं, त्याने गुलामगिरीवर स्पष्ट बोलायचं वर्षानुवर्षं टाळलं, इतकं की १८४६ मध्ये चिडलेल्या गुलामगिरीविरोधकांनी वेगळी संस्था काढली. एका अन्यायाला शहारणारी माणसं शेजारच्या अन्यायाशी जुळवून घेताना मी आपल्याकडेही पाहिली आहेत.

याच बोर्डाची सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस अविवाहित शिक्षिका म्हणून मुंबईत आली, १८३९ मध्ये अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत तिथे मुली शिकवत राहिली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण अहमदनगरला फरारबाईंकडे झालं. त्याच १८४८ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला एलिझाबेथ केडी स्टँटन आणि लुक्रेशिया मॉट यांनी स्त्री-हक्कांची पहिली परिषद भरवली. जन्मतः गुलाम असलेला फ्रेडरिक डग्लस तिथे हजर होता आणि मताधिकाराच्या ठरावासाठी बोलला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मेक्सिकोचा सुमारे सव्वापाच लाख चौरस मैल मुलूख अमेरिकेने युद्ध करून घेतला होता.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दलचा आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना जोखडातून सोडवताना तोच कित्ता गिरवावा या आशेने. मला हे अर्पण मराठीतल्या सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्या ओळींपैकी वाटतं. जोतीरावांनी थॉमस पेन वाचला होता, अमेरिकेचं नाव घेताना ते भुलले नव्हते. त्यांनी राष्ट्राला मुजरा केला नाही, जॅक्सनला केला नाही, सत्तेला तर नाहीच. आपलं हित सोडून दुसऱ्याच्या मुक्तीसाठी उभी राहिलेली माणसं तेवढी त्यांनी वेचून काढली. त्यांनीच दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गुलामाकडून शेतकऱ्याकडे येताना त्यांना विषय बदलावा लागला नाही.

*

बोरगावच्या मातीकडे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या भांडणातल्या दोन्ही बाजूंचं लक्ष होतं, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

जॉर्ज टॉमसन हा इंग्लंडमधला गुलामगिरीविरोधी वक्ता. १८३४ मध्ये तो अमेरिकेत गेला, विल्यम लॉइड गॅरिसनबरोबर सभा घेतल्या आणि जमावाच्या भीतीने पुढल्या वर्षी त्याला देश सोडावा लागला. परतल्यावर त्याने विचार केला की गुलामगिरी कापसावर उभी आहे आणि कापूस इंग्लंड विकत घेतं. तर इंग्लंडला मोकळ्या माणसाने पिकवलेला कापूस मिळाला की गुलामगिरीचा पाया सुटेल. असा कापूस पिकवणारा मोकळा माणूस त्याला हिंदुस्थानच्या रयतेत दिसला. १८३९ मध्ये लंडनला ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली ती या आशेवर. पुढे द्वारकानाथ टागोरांबरोबर तो कलकत्त्याला आला. टॉमसनच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रयतेवरचा शेतसारा असह्य आहे, असं तो स्वतः ओरडून सांगत होता. पण सारा कमी झाल्याशिवाय ही रयत मोकळी कशी, या प्रश्नाचं उत्तर कंपनीकडे नव्हतं, आणि कंपनीला ते नकोही होतं.

कंपनीने दुसरीच वाट धरली. कॅप्टन बेल्स याला अमेरिकेला पाठवून १८४० मध्ये दहा कापूस-मळेवाले हिंदुस्थानात आणले. गुलामांकडून शेती करून घ्यायची सवय असलेली माणसं आपल्या शेतकऱ्याला शेती शिकवायला आली. भडोच, कोइंबतूर, बुंदेलखंड इथे प्रयोग झाले आणि बहुतेक ठिकाणी ते फसले. पाऊस चार महिन्यांत संपतो. काळी जमीन भेगाळते आणि मुळं तुटतात. स्वच्छ, लांब धाग्याच्या मालाला खेड्यातला व्यापारी जास्त भाव देत नाही. शेतकऱ्याला यातलं एकूण एक माहीत होतं. फक्त धारवाडकडे अमेरिकन कापूस रुजला.

मग जमीनच घ्यायची ठरलं. १८५३ च्या मे महिन्यात वऱ्हाड निजामाकडून काढून घेतला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. सुमारे ८० हजार चौरस मैल, चाळीस लाखांवर माणसं, आणि त्यात सौंसरच्या शिवारातली गावंही. त्याच्या टिपणीत वारसाहक्काबरोबर कापसाचाही मुद्दा होता: इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा माल या मुलखातून येईल. कौन्सिलात जॉन लो याने विरोध नोंदवला. इथेही सांगणारा माणूस होता. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने लिलावात काढले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. भोसल्यांच्या राणी बांकाबाई राजवाड्यात बसून ते पाहत होत्या.

सात वर्षांनी, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १८६० मध्ये जेमतेम सहावा हिस्सा होता, १८६२ मध्ये तो तीन चतुर्थांशावर गेला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, बँका आणि शेअर बाजार वर चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेतली गुलामगिरी घटनादुरुस्तीने गेली आणि मुंबईचा बाजार कोसळला. पडलेल्या भावाची झळ खेड्यात येऊन पोहोचायला वेळ लागतो, आणि मग ती लवकर जात नाही. चाळीस लाख लोकांच्या मुक्तीचं ते युद्ध. त्याच्या विजयाने आनंदी व्हावं अशीच घटना. पण तिचा खर्च कुठे कुठे वाटला गेला त्याचा हिशेब करताना दख्खनचा आणि वऱ्हाडचा शेतकरी विसरता येत नाही.

मध्य प्रांत २ नोव्हेंबर १८६१ रोजी अस्तित्वात आला तो या धामधुमीत. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात जमाबंदी झाली आणि गावचा वसूल गोळा करणारे पाटील-मालगुजार जमिनीचे मालक ठरले. अमेरिकेत याच सुमारास, १८६२ मध्ये, होमस्टेड कायद्याने कसणाऱ्या वसाहतवाल्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. ती जमीन मूळ रहिवाशांची होती, पण मिळाली ती कसणाऱ्याला. आपल्याकडे कसणारा कूळ झाला. १८६६ मध्ये रिव्हेट-कार्नॅक हा कापसासाठी खास आयुक्त नेमला गेला, १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरला रेल्वे आली. सौंसर आणि पांढुर्ण्याला पुढे जिनिंगचे कारखाने निघाले. मालगुजारी जायला १९५१ साल उजाडावं लागलं.

*

अमेरिकन जात या भागात आली ती हळूहळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मर रोगाने देशी पऱ्हाटी वाळू लागली, तेव्हा शेतकी खात्याने ‘बुरी’ नावाचा छोटा नागपूरकडून आलेला अमेरिकन कापूस दिला, तो मर झेलायचा. पण मोठा बदल संकरित वाणांनी केला. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. गिरण्यांना लांब धागा हवा होता, उत्पन्न वाढलं, आणि घरची सरकी राखून पेरायची पद्धत संपली. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक मोन्सँटोचं, भागीदार जालन्याची महिको. मोन्सँटोचं मुख्यालय तेव्हा मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसला होतं, म्हणजे १८०३ मध्ये विकत घेतलेल्या लुईझियानातल्या शहरात. पहिली काही वर्षं बोंडअळी खरंच हटली. शेतकऱ्याने बीटी उगाच उचललं नाही. फवारणी वाचली, पैसा वाचला. मग गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला सरावली आणि फवारणी परत आली.

कोरडवाहू काळ्या जमिनीत देशी कापूस खर्च कमी मागतो आणि रसशोषक किडींना तुलनेने दाद देत नाही. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. देशी सरळ वाणांवर तिथे काम झालेलं आहे. पण दुकानात बियाणं मिळतं ते संकरित अमेरिकन, आणि बाजार त्याच धाग्याला भाव देतो. जो हौसेने देशी लावेल त्याचा माल वेगळा विकत घेणारं कुणी नाही. १८४० मध्ये अमेरिकन मळेवाल्यांना जी अडचण आली, तीच उलट्या बाजूने आज देशी वाणाची आहे.

आणि भाव? २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये, लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. आपल्या कापड उद्योगाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्याला दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. शेतकरी संघटनांनी विरोध केला. निर्णय झाला तेव्हा पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. सूट संपण्याआधीच पहिले दोन-तीन वेचे घराबाहेर जाणार होते, कारण दिवाळी, बियाण्याची उधारी आणि वेचणाऱ्या बायकांची मजुरी थांबत नाही.

गिरणीला स्वस्त रुई मिळावी, तिच्या कामगाराची नोकरी टिकावी, हे मलाही हवं आहे. तो भार पेलायला सरकारी तिजोरी आहे. भावाचा निर्णय ऑगस्टमध्ये घेता येतो, तर सरकारी खरेदीची केंद्रंही पहिल्या वेचाला, दसऱ्याच्या आत, सौंसरला आणि पांढुर्ण्याला उघडता आली पाहिजेत. कापसाच्या आयातीचं धोरण ठरवणाऱ्या बैठकीत गिरणीवाल्याच्या शेजारी कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी बसला पाहिजे. आणि त्याने देशी वाण लावायचं ठरवलं तर ते बियाणं त्याला बोरगावच्या दुकानात मिळालं पाहिजे.